स्थिर कॅमेरा आणि फिरते आकाश



रेडिओवरून फोटोंविषयी बोलावयाचे म्हणजे थोडी पंचाईतच आहे. मी सांगावयाचे आणि चित्र आपण आपल्या डोळ्यांपुढे आणावयाचे. पण आजच्या फोटोंतली वस्तू आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे, आणि माझ्यापेक्षा अधिक वेळा पाहिलेली आहे. रात्री गव्हाला किंवा उसाला पाणी देताना, लाईट केव्हा येते याची वाट पाहत बांधावर बसलेले असताना, डोक्यावर जे पसरलेले असते ते आकाश. मृगातली तीन ताऱ्यांची सरळ ओळ, जिला खेड्यात तिकांडे म्हणतात, ती माथ्याजवळ आली म्हणजे रात्र किती झाली हे घड्याळ न बघता सांगणारी जुनी माणसे मी पाहिली आहेत. त्या आकाशाचा फोटो साध्या कॅमेऱ्याने, कॅमेरा एका जागी ठेवून, काढता येईल काय, असा आजचा प्रश्न आहे.

येतो. आज मी हे उत्तर ठामपणे देतो. परंतु २०१७ साली याच प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले होते, आणि ते एका विद्यार्थ्याला दिले होते. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला, जवळच्या खेड्यातून येणारा एक मुलगा तास संपल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या चुलतभावाचा लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा. त्याचा कॅमेरा मागून आणून याने घराच्या धाब्यावर ठेवला होता आणि पडदा अर्धा तास उघडा ठेवून मृग नक्षत्राचा फोटो काढला होता. फोटोत तारे नव्हते, रेघा होत्या. एकेक रेघ तिकांड्याच्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट.

"सर, तारे असे ओढल्यासारखे का आले?"

मी भूगोलाचा अध्यापक. पृथ्वीच्या परिवलनावर मी त्याला पंधरा मिनिटे व्याख्यान दिले, आणि शेवटी म्हटले, "तारे ठिपक्यांसारखे यायला हवेत तर कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारे मोटारीचे यंत्र लागते. त्याला हजारो रुपये पडतात. ते आपले काम नव्हे." मुलगा "बरं सर" म्हणाला आणि निघून गेला.

व्याख्यानातला पहिला भाग बरोबर होता, तो आधी सांगतो. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा पुरा करते. म्हणजे दर चार मिनिटांना आकाश एक अंश सरकलेले दिसते. पौर्णिमेचा चंद्र सुमारे अर्ध्या अंशाचा असतो. तो नारळाच्या झावळीआड जाऊ लागला की दोन मिनिटांत पुरता झाकला जातो, हे कोणीही पडवीत बसून पाहावे. अर्ध्या तासात तारे साडेसात अंश सरकतात. त्या मुलाच्या फोटोतील रेघा बरोबर तेवढ्याच होत्या. शिक्षकमित्रांना एक सुचवतो: असा रेघांचा फोटो वाया गेला असे समजू नये. रेघ किती अंशांची आहे ते नकाशावरून मोजावे, फोटोला लागलेल्या मिनिटांनी भागावे, आणि पृथ्वीचा फेरा किती तासांत पुरा होतो ते मुलांकडूनच काढून घ्यावे. पृथ्वी फिरते हे वाक्य पाठ करवून घेण्यापेक्षा हे बरे.

आता माझे चुकले कोठे ते पाहू. तारा सरकतो हे खरे, पण किती सरकला म्हणजे फोटोत तो रेघ दिसतो? कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी जी पाटी असते, जिला सेन्सर म्हणतात, तिच्यावर बारीक बारीक चौकोनी खाने असतात. लग्नाच्या फोटोग्राफरजवळ नेहमी आढळणारा कॅमेरा घेतला तर एकेक खाना मिलिमीटरच्या सुमारे चार हजारांश एवढा. त्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावले, तर ताऱ्याचे प्रतिबिंब दर सेकंदाला साधारण एक खाना सरकते. चार सेकंदांत चार खाने. एवढी हालचाल फोटो पसरून पाहिल्याशिवाय कळतही नाही. तारा ठिपकाच दिसतो. १८ मिलिमीटरच्या रुंद भिंगाने हीच गोष्ट दहा-अकरा सेकंदांपर्यंत चालते. म्हणून साधा हिशेब असा की दोनशेला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागावे. जे येईल तितके सेकंद पडदा उघडा ठेवावा. फिल्मच्या दिवसांत लोक पाचशेला भागत असत, कारण फिल्मचा कण जाड आणि फोटोही लहानच छापायचा असे. मोबाइलचे भिंग अगदी आखूड असते, पण त्याचे खानेही तितकेच बारीक. तेथे दहा ते पंधरा सेकंद धरून चालावे. उत्तरेकडे, शर्मिष्ठेच्या बाजूला, तारे लहान वर्तुळात फिरतात म्हणून त्यांची चालही निम्मी दिसते, आणि तिकडे दुप्पट वेळ घेतला तरी चालते. ध्रुव तर जवळजवळ हलतच नाही. पण आपल्या महाराष्ट्रात तो क्षितिजापासून अवघा सोळा ते बावीस अंश वर. धुळीत आणि धुरकटात बुडालेला. त्याच्या भरवशावर फोटोग्राफी करण्यात अर्थ नाही.

तर चार सेकंद मिळाले. चार सेकंदांत येते काय? ठळक तारे येतात, पण पाठीमागचे आकाश रवाळ, चाळणीतून पाहिल्यासारखे दिसते. फिकट तारे त्या रव्यात हरवतात. येथेच माझ्यासारखा माणूस म्हणतो की आता यंत्र हवे.

माझ्या समजुतीला कारणही होते, कारण या विषयाचा इतिहास यंत्रांचाच आहे. सूर्य सोडला तर दुसऱ्या ताऱ्याचा पहिला फोटो निघाला तो १७ जुलै १८५० रोजी, अमेरिकेतील हार्वर्डच्या वेधशाळेत. तारा होता अभिजित, आणि काच उघडी ठेवली होती शंभर सेकंद, घड्याळासारख्या यंत्राने फिरणाऱ्या मोठ्या दुर्बिणीवर. पुढे १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, त्याला ५१ मिनिटे लागली. पुण्यात सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी नेगमवाला यांनी वेधशाळा उभारली, तिच्यात २० इंची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते यंत्रसामग्री घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला जाऊन राहिले होते. ग्रहणाची खग्रास अवस्था तेथे जेमतेम दोन मिनिटांची. ती वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. हे सारे वाचलेल्या माणसाच्या डोक्यात यंत्र म्हणजेच आकाशाचा फोटो असे बसले तर नवल नाही. पण त्या मंडळींजवळ एक सोय नव्हती. एकावर एक ठेवून शंभर काचांची बेरीज करणे त्यांना शक्य नव्हते. आपल्याला आहे.

बेरजेने काय होते ते पाहण्यासाठी पावसाचे उदाहरण घेऊ. वळवाचा पाऊस सुरू होण्याच्या बेतात आहे आणि अंगणात सारख्या आकाराच्या काही पराती मांडून ठेवल्या आहेत. पहिल्या मिनिटाला एका परातीत सात थेंब पडतील, दुसरीत बारा, तिसरीत नऊ. आभाळ सर्वांवर सारखेच आहे, परंतु थेंब मोजके असले की मोजणी वरखाली होते. प्रकाशही असाच कणाकणाने, थेंबाथेंबाने येतो. सेन्सरच्या एका खान्यात सरासरी शंभर कण येत असतील तर कधी नव्वद येतील, कधी एकशेदहा. दहाचा मागेपुढेपणा हा राहणारच. फोटोतला रवा म्हणजे बहुतांशी हाच. आता असे सोळा फोटो घेऊन बेरीज केली, तर कण होतात सोळाशे आणि मागेपुढेपणा होतो चाळीस. शंभरात दहाचा फरक होता, तो शंभरात अडीचवर आला. म्हणजे सोळा फोटोंत रवा चौथाईवर, आणि शंभर फोटोंत दहाव्या हिश्शावर. हे वर्गमुळाचे गणित आहे, आणि आठवी-नववीच्या मुलांना वर्गमूळ कशासाठी शिकायचे असा प्रश्न पडत असेल तर त्यांना हे सांगावे. त्याच गणितात एक कंजूषपणाही आहे: पंचवीस फोटोंचे शंभर केले तर मेहनत चौपट आणि फळ फक्त दुप्पट.

मग एकेक सेकंदाचेच फोटो का काढू नयेत, असे कोणी विचारील. दूध मापटे बुडवून मोजतात ते आठवा. दर मापाला चार थेंब मापट्याला चिकटतात किंवा सांडतात. मापटे मोठे असेल तर नुकसान थोडे. लहान पळीने घागर मोजली तर तेवढेच नुकसान शंभरदा होते. सेन्सरही प्रत्येक फोटो वाचताना आपली थोडीशी चूक त्यात मिसळतो. म्हणून तारा जितके सेकंद परवानगी देईल तितके पुरते घ्यावेत, उगाच कमी करू नयेत.

ही बेरीज हाताने करावी लागत नाही. डीप स्काय स्टॅकर, सिरिल, सिक्वेटर असे फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत; शाळेच्या संगणकावर चालतात. फोटो एका मागून एक काढीत असता आकाश सरकत असते, म्हणून प्रोग्राम प्रत्येक फोटोतील तारे ओळखतो, सरकवून एकमेकांवर बसवतो आणि मग सरासरी काढतो. अर्थात तारे जुळले की झाडे आणि घरे फराटतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत. एक मोठा फायदा मात्र पदरात पडतो. विमान गेले, किंवा २०१९ पासून झुंडीने सोडले गेलेले कृत्रिम उपग्रह गेले, तर त्यांची रेघ शंभरांपैकी एखाद-दुसऱ्या फोटोतच असते. जे बाकीच्यांत नाही ते वगळ, एवढे प्रोग्रामला सांगितले की रेघ नाहीशी होते. एकाच लांब फोटोत ती कायमची राहिली असती.

चार सेकंदांचे शंभर फोटो म्हणजे पावणेसात मिनिटांचा प्रकाश. अंधाऱ्या गावात तेवढ्यात तिकांड्याच्या खाली लोंबणाऱ्या फिकट ताऱ्यांमध्ये तो तेजोमेघ गुलाबी-करड्या पिसासारखा उमटतो, ज्यासाठी ड्रेपरसाहेबांनी ५१ मिनिटे दुर्बीण फिरवली होती. आजचा सेन्सर त्या वेळच्या काचेपेक्षा पुष्कळ अधिक प्रकाश पकडतो, हे त्याचे दुसरे कारण. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, फोटोत कित्येक डझन. देवयानीतली दीर्घिका, जिचा प्रकाश निघून सुमारे पंचवीस लाख वर्षे झाली, तिचा लांबट डाग स्पष्ट ओळखू येतो.

हे सर्व मला कोणी शिकवले? त्याच मुलाने. जानेवारी २०२० मध्ये तो पुन्हा आला. मधल्या काळात बी.ए. होऊन तो शेती पाहू लागला होता. चुलतभावाचा जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे भिंग त्याने विकत घेतले होते. स्टँड नव्हता, ज्वारीच्या अर्धवट भरलेल्या पोत्यात कॅमेरा रोवून तो धाब्यावर ठेवीत असे, आणि पोत्याइतका घट्ट स्टँड मी अजून पाहिलेला नाही.

"मशीनशिवाय काढतात लोक, सर. मोबाइलवर वाचलं," तो म्हणाला. माझ्या जुन्या वाक्याचा त्याने उल्लेख केला नाही. "लाईट रात्री बाराला येते. तोवर जागंच राहायचं, मग हेच केलं."

वर्षभराहून अधिक काळ, महिन्यातून एकदा अमावास्येच्या आसपास, तो मृगाचे फोटो काढीत होता. उन्हाळ्यात खंड पडे. जूनच्या सात-आठ तारखेला आपल्याकडे मृग लागतो, म्हणजे सूर्यच त्या नक्षत्रात जातो, तेव्हा ते दिसणार कोठून? त्याने दोन जानेवारींचे फोटो माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "काक्षी फिकी झालीय, का माझी काच मळलीय?"

काक्षी म्हणजे मृगाच्या चार पायांपैकी ईशान्येकडचा तांबूस तारा. काही जण त्यालाच आर्द्रा म्हणतात. प्रश्न असा की हे ठरवायचे कसे? बेरीज केलेल्या सुंदर फोटोंवरून काहीच कळेना, कारण चार सेकंदांत ठळक तारे जळून पांढरे होतात; शंभर कण मावणाऱ्या भांड्यात पाचशे ओतले काय आणि हजार ओतले काय, भांडे भरलेलेच. उत्तर सापडले ते टाकाऊ फोटोंत. दर वेळी फोकस जुळवताना तो अर्ध्या सेकंदाचे दोन-चार फोटो घेई. त्यांत फोकस बिघडलेला असल्याने तारे लहान गोल चकत्यांसारखे पसरले होते, आणि पसरल्यामुळे जळले नव्हते. कार्डात जागा होती म्हणून ते त्याने पुसले नव्हते, इतकेच. २०१९ च्या जानेवारीत काक्षीची चकती तिच्या पश्चिमेकडच्या पायाच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी उजळ होती. २०२० च्या जानेवारीत दोन्ही जवळपास सारख्याच. खालचा निळसर राजन्य मात्र दोन्ही वर्षी तसाच. काच मळली असती तर राजन्यही मंद व्हायला हवा होता. म्हणजे बदल ताऱ्यात होता.

यात त्याने काही शोध लावला असे मी म्हणणार नाही. जगातील खगोलशास्त्रज्ञांनी डिसेंबर २०१९ मध्येच ही गोष्ट जाहीर केली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षीचे तेज नेहमीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आले आणि नंतर दोन-तीन महिन्यांत ते परत चढले. ताऱ्याने स्वतःतून फेकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आपल्या आणि त्याच्या मध्ये आली, असे पुढील संशोधनावरून दिसून आले. परंतु ही बातमी वाचण्यापूर्वी एका शेतकऱ्याने ती ज्वारीच्या पोत्यावरून टिपली होती, आणि तारखेसह टिपली होती. आपल्या वेणू बाप्पूंना १९४९ साली, हार्वर्डला विद्यार्थी असताना, फोटोची काच तपासता तपासता नवा धूमकेतू सापडला, आणि त्याला त्यांचे व त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे नाव मिळाले. काढलेला फोटो पुन्हा नीट पाहिला तरच तो उपयोगी. अर्थात मी त्या मुलाला ती गोष्ट सांगितली ती २०१७ साली सांगावयास हवी होती.

आता ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम; पावसाळ्याची धूळ बसलेली असते आणि हवा स्वच्छ. अमावास्येच्या मागचे-पुढचे पाच-सहा दिवस निवडावेत. शाळेच्या फाटकावर किंवा चौकात पांढरा शुभ्र दिवा लागलेला असेल तर त्याच्या पाठीमागे, इमारतीच्या सावलीत बसावे. नाही तर आकाशाचा उजेडच सेन्सर भरून टाकतो. कॅमेऱ्यावरचे सगळे आपोआप चालणारे बंद करून हाताने ठरवावे. भिंगाचे छिद्र मोठ्यात मोठे किंवा त्याहून एक पायरी कमी, आयएसओ सोळाशे, फाइल रॉ. बोटाने बटण दाबले की कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. फोकस ही सगळ्यांत चिवट गोष्ट: ठळक तारा पडद्यावर मोठा करून पाहावा आणि तो लहानात लहान होईपर्यंत भिंग फिरवावे. मोबाइलच्या नाइट मोडमध्ये असले आठ-दहा फोटो मोबाइल आपण होऊन जोडतो, चित्रही छान येते. पण तो त्यात आपल्या मर्जीने सफाई करतो, म्हणून तेज मोजण्याच्या कामी त्यावर फार विसंबू नये. तेथे प्रो मोड वापरावा. शेवटी भिंगाला टोपण लावून, तितक्याच सेकंदांचे पंधरा-वीस काळे फोटो काढावेत. तापलेल्या सेन्सरवरचे लाल-हिरवे खोटे ठिपके प्रोग्राम त्यांवरून ओळखून काढून टाकतो. पौषात पहाटेकडे काचेवर दव धरते, ते पुसण्यास धुतलेले सुती फडके जवळ असावे.

शाळेत एक वही करावी. तारीख, वेळ, भिंग, सेकंद, आयएसओ, आकाश कसे होते, जवळ कोणता नवा दिवा लागला, हे त्यात मुलांनी लिहावे. दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच मापांनी मृग, कृत्तिका आणि सप्तर्षी घ्यावेत. त्या मुलाच्या वहीत तर मोटर किती वाजता सुरू केली हेही आहे, आणि एके रात्री ती जळाल्याची नोंदही तिथेच आहे. आणि फोकस जुळवताना बिघडलेले फोटो पुसू नयेत. एखाद्या जुन्या कार्डात निराळे ठेवून द्यावेत.